नानांचं कारंजं हिरवं का होतं

मी कारंजी साफ करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता?" मुलीच्या लग्नाच्या बोलणीत होणाऱ्या व्याह्यांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा "पंपांचं काम आहे त्यांचं" असं सांगून बायकोने वेळ मारून नेली. आता गुडघे हौदात उतरू देत नाहीत. काम सोडलंय, मुलगीही सासरी सुखात आहे, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही. माझ्या उमेदीची बरीचशी वर्षं नवी मुंबईतल्या लोकांच्या अंगणातलं शेवाळ खरवडण्यात गेली.

मी मूळचा लातूरकडचा. नवी मुंबईत पावणे गावच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या एका गाळ्यात कामाला लागलो, मोटारींवरून पंपांवर आणि पंपांवरून कारंज्यांवर घसरलो. वडील एकदा गावाहून आले होते. माझं काम बघायचं म्हणून त्यांना एका बंगल्यावर घेऊन गेलो. कारंजं चालू केलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"पाणी वर फेकायचं आणि खाली पडलं की तेच परत वर फेकायचं," ते म्हणाले. "ह्याचे लोक पैशे देतात व्हय?"

"देतात."

"बंद कर बाबा. जीव घाबरा होतो माझा."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की हातातली भाकरी टाकून पळावं लागायचं.

तर शेवाळ. त्याला तीन गोष्टी लागतात. ऊन, खाणं आणि निवांतपणा. हे तिन्ही फुकट मिळालं तर माणूससुद्धा सुटतो, तेव्हा शेवाळाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते दोन तऱ्हेचं येतं. एक पाण्यातच मिसळतं, मग सगळा हौद पालकाच्या सुपासारखा दिसतो. दुसरं लांब केसांसारखं वाढतं, पंपाच्या जाळीत गुंततं आणि पंपाचा गळा दाबतं. गिऱ्हाइकाला वाटतं, औषध टाकलं की विषय संपला. मोरचूद टाकला तर शेवाळ मरतं खरं, पण त्याबरोबर मासेही मरतात, आणि मेलेलं शेवाळ तळाला बसून पुढच्या शेवाळाचं जेवण होतं. म्हणून औषधाच्या आधी शेवाळ खातंय काय ते शोधायचं. झाडाचा पाला पडतो का, कबुतरं बसतात का, माशांना कोणी पोळ्या घालतं का. काथ्याचा ब्रश कोणीही मारेल. शोधणं हे खरं काम, आणि ते मला जमायचं, असं माझं मत होतं.

गिऱ्हाइकांची मतं वेगळी असायची. कोपरखैरण्याला एक निवृत्त बँक मॅनेजर होते. माझी फेरी लांबली म्हणून त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. ज्या पावडरीने शर्टाच्या कॉलरचा मळ निघतो तिने शेवाळ का निघू नये, असा साधा हिशोब करून त्यांनी ती हौदात ओतली, पंप चालू केला आणि वर जाऊन झोपले. दुपारपर्यंत फेस कुंपणाच्या भिंतीवरून रस्त्यावर आला. पोरं त्यात नाचायला लागली, आणि एमआयडीसीतून केमिकल सुटलंय, खिडक्या लावून घ्या, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. मी पोचलो तेव्हा साहेब बाल्कनीत नाकाला ओला रुमाल लावून उभे होते. खालचा फेस त्यांचाच आहे हे त्यांना तोवर कळलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "कोणाला बोलू नका." आज इतक्या वर्षांनी बोललो.

दुसऱ्या एका मॅडमनी इंटरनेटवर वाचलं की जवाचा पेंढा पाण्यात ठेवला की शेवाळ येत नाही. वाचलेलं खरं होतं, तिकडे थंड मुलखात करतात तसं. पण नवी मुंबईत जव आणायचे कुठून? त्यांनी भाताचा पेंढा आणवला, कारण दिसायला तसाच. तो पेंढा कुजला, पाण्याचा चहा झाला, आणि कुठून तरी एक म्हैस वासावर येऊन गेट ढकलायला लागली. मॅडमनी फोन करून मला विचारलं, "ही तुमच्या ओळखीची आहे का?"

पण ज्या कारंज्याने माझी झोप उडवली ते तळवलीतल्या नानांचं. त्यांच्या दोन बिल्डिंगा होत्या. खालचे गाळे भाड्याने, वर भाडेकरू, आणि मागच्या अंगाला स्वतःचा बंगला. पांढरा लेंगा-शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. बिल्डिंगा उभ्या राहण्याआधी तिथे त्यांची भातशेती होती. शेती गेली, पैसा आला, आणि नानांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी चहा पिऊन निघायचे ते कुठेही सापडायचे. कधी रिक्षा स्टँडवर, कधी कोणाच्या चालू बांधकामावर, कधी नुसतेच ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला उभे. दोनदा तर लोकांनी आणून घरी सोडलं. तब्येत ठणठणीत, डोकं शाबूत. घरात बसवत नव्हतं एवढंच.

मग कोणीतरी बंगल्याच्या मागे कारंजं बांधायची टूम काढली. गोल हौद, मध्ये सिमेंटची तीन पाकळ्यांची परात, त्यातून पाणी उडणार. त्या दिवसापासून नाना घरात बसायला लागले. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकायचे. मला एकदा म्हणाले, "यो आवाज हाय ना, म्हनून मी घरान हाय. नायतर मना या भिंती खायला येतान."

नानांना कारंजं का हवं, हे मला तिथेच कळलं. अडचण एवढीच की ते महिन्यातून तीनदा हिरवं व्हायचं.

मी सगळं करून बघितलं. हौद रिकामा करून घासला. उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधली. पंपाचा जोर वाढवला, फिल्टर बदलला, कबुतरांसाठी चकचकीत पट्ट्या लावल्या. आठवडाभर पाणी नितळ राहायचं आणि मग पुन्हा पालकाचं सूप. नाना मला टोचून बोलायचे नाहीत, पण शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "मानूस बरा हाय. हात जरा हलका हाय." हलका हात. कारंज्यांच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. घरी येऊन मी बायकोला हात दाखवले. ती म्हणाली, "ह्या हातांनी आधी आपल्या मोरीतलं शेवाळ काढा." आमच्या तिसऱ्या मजल्याच्या घरात पाण्याची शोभा म्हणून एक निळी बादली आहे, तेवढीच.

नानांचा मुलगा प्रशांत मात्र तोंडावर बोलायचा. त्याच्या दोन गाड्या होत्या. एक आत मावायची, दुसरी गल्लीत, आणि गल्लीतल्या गाडीला दर महिन्याला पाण्याचा टँकर घासून जायचा. शिवाय डास होतात म्हणून भाडेकरू त्याचं डोकं खायचे. एक दिवस त्याने मला बाजूला घेतलं.

"काका, मला टेन्शन नको. पल्लवीची हळद आहे पुढच्या महिन्यात. अख्खा गाव येणार, नावड्याचे व्याही येणार. त्यांच्यासमोर हे गटार नको. हळदीला पाणी हिरवं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून सपाट करणार. पार्किंग करून टाकतो."

"नानांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"उठून बाहेर गेले. रात्री आणायला मीच गेलो."

पल्लवी म्हणजे नानांची धाकटी, नर्सिंग केलेली, घरात नानांना दम देऊ शकणारी एकटी. ती मला गेटवर गाठून म्हणाली, "काका, कायपण करा. आई नाय राहिली, मी गेल्यावर नानांना बघायला कोणी नाय. दादा दिवसभर साईटवर. ते कारंजं तेवढं राहू दे." तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते बघून मलाही कसंतरी झालं. माझी मुलगी तेव्हा नुकतीच सासरी गेली होती.

म्हणून मी न सांगता जायला लागलो. आमच्या धंद्यात ठरलेल्या दिवशी गेलं की सगळं सारवून ठेवलेलं दिसतं. अवेळी गेलं तरच खरं कळतं. अशाच एका रविवारी सकाळी उशिरा मी मागच्या गेटने आत शिरलो. आधी वास आला. मग नाना दिसले. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते हौदाच्या कडेवर बसले होते, हातात जर्मनचा टोप होता आणि त्यातलं गढूळ पाणी ते अगदी हळू, लहान मुलाला दूध पाजावं तसं, हौदात सोडत होते.

हौदाच्या एका कडेला कुंडीत कमळ लावलेलं होतं. त्याची पानं ताटाएवढी झाली होती. फूल मात्र आजवर एकही नाही.

"नाना, हे काय?"

"पानी."

"कसलं पाणी?"

"बोंबलांचा. शेजारच्या काकीनी आता धुतलान."

मी कडेवर बसलो. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, यात काही टाकायचं नाही?"

"मंग काय टाकला मी?" नानांना खरंच कळत नव्हतं. "टाकायचा म्हंजे कचरा. यो धुवन हाय. खुराक हाय त्याचा. रविवारी, बुधवारी, शुक्रवारी, कदी चुकवला नाय. बगा पाना कशी झाल्यान."

त्यांचं चूक कसं म्हणू? तळवलीत मासळीचं धुवण वाया घालवणं म्हणजे पाप. ते माडाला जातं, कढीपत्त्याला जातं, मिरचीला जातं. शेत होतं तेव्हा सुकी कुटी, म्हणजे खताची बारीक मासळी, शेतात टाकायचे आणि भात छातीएवढं उभं राहायचं. नानांनी जन्मभर जे जे हिरवं दिसलं त्याला धुवण घातलं होतं. कमळ हिरवं होतं, म्हणून कमळालाही घातलं. आणि शेवाळही हिरवंच. मी इकडून घासत होतो आणि नाना तिकडून खत घालत होते. असं पीक मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

मी त्यांना सगळं समजावलं. खुराक जास्त झाला म्हणून कमळाला नुसती पानं येतात. वर कारंज्याचे शिंतोडे, ते कमळाला सोसत नाहीत. आणि उरलेलं सगळं शेवाळ खातं. नाना ऐकत होते. टोप त्यांनी मांडीवर धरला होता.

"म्हंजे मीच केला यो," ते म्हणाले. मग विचारलं, "परशांतला सांगशील?"

"नाही सांगणार."

"नको सांगू. तो बोलंल, म्हातारा येडा झाला."

मी सांगितलं नाही. कमळाची कुंडी काढून नळाजवळच्या जुन्या टाकीत ठेवली, तिथे नानांना आठवड्यातून एक वाटी धुवणाची परवानगी दिली आणि हळदीच्या आदल्या दिवशी हौद असा घासला की तळाची फरशी आरशासारखी दिसायला लागली. ज्यांच्या कानावर माझा 'हलका हात' गेला होता त्या शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यातला एक म्हणाला, "पाणी भरलंय का नाही?" हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस.

आगरी लोकांची हळद ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. लग्न राहिलं बाजूला, खरा सोहळा हळदीचा. पुढे मांडव, डीजे, गल्लीभर खुर्च्या. आणि मागे, म्हणजे बरोब्बर कारंज्याच्या शेजारी, आचाऱ्यांची चूल. मटणाचे डेग, मासळीच्या टोपल्या, धुणं, कापणं, पाणी ओतणं. मी सकाळीच पोचलो आणि ते बघून थेट हौदाकडे धावलो.

पण नाना माझ्या आधी हजर होते. नवे कपडे, चेन, कपाळाला टिळा, आणि हौदाला लागून खुर्ची. हातात बांबूची काठी.

"काय नाना?"

"राखन करतंय."

त्यांनी दिवसभर राखण केली. आचाऱ्याने कोलंबीचा टोप वाकवायला आणला, काठी आडवी. पंगतीतून उठलेले पाहुणे हात धुवायला आले, काठी आडवी. पोरांनी पत्रावळीची होडी सोडली, ती काठीने काढली. एक मामा दुपारनंतर रंगात आला आणि पाय गार करायला बूट काढायला लागला. नानांनी त्याचे बूटच उचलून खुर्चीखाली ठेवले. बहिणी आल्या, मेहुणे आले. "नाना, पोरीची हलद हाय न तू हितं काय करतंस?"

"तुमी लावा हलद. मी पानी बगतंय."

जेवणाचं ताटही त्यांनी तिथेच मागवलं. मी तुमच्या जागी बसतो म्हटलं, तर म्हणाले, "तू लय घासलास. जेव जा." तो शब्द मी अजून जपून ठेवलाय.

संध्याकाळी पुढे धवलारीण गायला लागली. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. भटजीइतकाच तिचा मान. तिने बापाचं नाव घेतलं, बापाने हळद लावायची वेळ झाली, आणि बाप जागेवर नाही. माणसं पाठवली. नाना उठायला तयार नाहीत. आचारी भांडी घासायला काढत होते, ऐन मोक्याची वेळ होती. शेवटी पल्लवीच आली. चेहरा, हात सगळे पिवळे, मागे धवलारीण आणि सगळ्या बाया. ती येऊन हौदाच्या कडेवर बापासमोर बसली.

"लावा हितंच," ती म्हणाली.

नानांनी काठी खाली ठेवली. वाटीतली हळद घेऊन तिच्या गालाला लावली, कपाळाला लावली. धवलारणीने तिथेच धवला धरला. ते तिच्याकडे बघत राहिले. मग डोळे पुसायचे तर हाताला हळद, म्हणून त्यांनी नकळत बाजूला हात घातला आणि हौदात धुतला.

दिवसभर राखलेल्या पाण्यात पिवळी रेघ उतरली. धवला थांबला. मी प्रशांतकडे बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. तो बंगल्याच्या मागच्या भिंतीला टेकून नानांकडे बघत उभा होता. मग कोणत्या तरी काकूने पल्लवीवर हौदातलं पाणी उडवलं, पल्लवीने तिच्यावर उडवलं, आणि पुढच्या क्षणाला अर्धा मांडव आत होता. मामा तर अनवाणी होताच. हळद, फुलं, कोणाचा तरी मोबाइल, सगळं पाण्यात. माझी आरशासारखी फरशी दिसेनाशी झाली. कारंजं मात्र थांबलं नाही, तीन पाकळ्यांमधून पिवळंधमक पाणी उडत राहिलं. मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न दुपारी होतं, तरी मी सकाळीच गेलो. वरवरचं तेवढं गाळून टाकू, प्रशांतच्या नजरेला कमी दिसेल, असा बेत होता. गल्लीच्या तोंडाशी जेसीबी उभा होता. ड्रायव्हर आत बसून वडापाव खात होता.

मागे प्रशांत एकटाच होता. नानांच्या खुर्चीत बसला होता. पाणी शिळ्या वरणासारखं दिसत होतं.

"प्रशांत," मी म्हटलं, "हिरवं नाही रे झालेलं. पिवळं आहे. मी संध्याकाळपर्यंत..."

"काका, बसा." त्याने स्टूल ओढून दिलं. "काल मी बघत होतो नानांना. शेत होतं ना आमचं, त्याच्या बांधाला उघाडी होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून फळ्या लावतात ती. भरतीला नाना तिथं असेच बसायचे, काठी घेऊन. आई जेवायला हाका मारायची, उठायचे नाहीत. मी डबा घेऊन जायचो. खारं पाणी घुसलं तर सगळं भात जातं ना." त्याने हौदातलं एक फूल उचलून बाजूला ठेवलं. "शेत गेल्यापासून दिवसभर एका जागी बसलेले नाना मी कालच बघितले."

बाहेर जेसीबीवाल्याने हॉर्न दिला.

"जेसीबी आधीच सांगून ठेवला होता. त्याला परत पाठवून देतो," प्रशांत उठत म्हणाला. "तुमी पाणी बदलून घ्या."

"आणि गाडी?" मला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"गाडी कुठंपण लावता येते, काका," तो म्हणाला. "नानांना कुठं बसवू?"